विजेरीचा मोठा सेल : राहणार की जाणार ?

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘बॅटरी’ या एकाच शब्दाने हातातील विजेरीचा बोध होतो आणि तिच्यात घालावयाच्या जाड, गोल नळकांड्यास ‘सेल’ किंवा ‘मोठा सेल’ असे म्हणतात. दोन सेलची बॅटरी, तीन सेलची बॅटरी हीच तिच्या सामर्थ्याची मोजणी. हा मोठा सेल कारखानदारांच्या भाषेत ‘डी’ आकाराचा, तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ‘आर-२०’ म्हणून ओळखला जातो. गेल्या काही वर्षांत गावच्या दुकानांतून त्याची मांडणी आक्रसत गेली आहे. ज्या फळीवर पूर्वी त्याच्या खोक्यांची रास असे, तेथे आता घड्याळाचे व रिमोटचे बारीक सेल लटकलेले दिसतात. त्यातूनच हा आकार शासन बंद करणार आहे काय, कारखाने त्याचे उत्पादन थांबविणार आहेत काय, आणि तसे झाल्यास हाताशी असलेल्या साधनांचे काय करावयाचे, असे प्रश्न उपस्थित होतात. ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या सामान नोंदवहीत ज्यांची नोंद आहे अशी अनेक साधने याच सेलवर चालतात. म्हणून हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही.

प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे : हा आकार बंद करणारा कोणताही कायदा भारतात नाही. मात्र त्याचा वापर घटत आहे, ही गोष्ट खरी आहे. ही घट कशामुळे झाली आणि ती कोठवर जाईल, हे समजण्यासाठी या सेलच्या पोटात थोडे डोकावणे आवश्यक आहे.

सव्वाशे वर्षांचे नळकांडे

फ्रान्समधील जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागर यांचा विद्युतघट तयार केला. तो काचेच्या बरणीत द्रव भरून करावा लागत असल्याने उचलून नेण्यास गैरसोयीचा होता. जर्मनीतील कार्ल गास्नर यांनी १८८६ मध्ये या द्रवाचा घट्ट लगदा बनवून तो जस्ताच्या डब्यात बंद केला आणि ‘कोरडा’ घट अस्तित्वात आला. तो कोरडा म्हणावयाचा तो केवळ सांडत नाही म्हणून. आत ओलावा असतोच, आणि ओलावा आटला की घटही निकामी होतो. अमेरिकेतील नॅशनल कार्बन कंपनीने १८९८ मध्ये ‘डी’ आकाराचा सेल काढला. पुढच्याच वर्षी, १० जानेवारी १८९९ रोजी, डेव्हिड मिसेल यांना कागदी नळीत एकापुढे एक सेल ठेवून केलेल्या विजेरीचे पेटंट मिळाले. त्या काळचे सेल व दिवे इतके दुबळे होते की, प्रकाश क्षणभरच पडे व मग सेलला विसावा द्यावा लागे. इंग्रजीत विजेरीला ‘फ्लॅशलाइट’ हे जे नाव पडले ते या लुकलुकण्यामुळे.

म्हणजे सेल आणि विजेरी ही एका वर्षाच्या अंतराने जन्मलेली भावंडे होत. विजेरीच्या नळीचा घेर सेलने ठरविला आणि विजेरीच्या खपाने सेलचा आकार कायम केला.

भारतात एव्हरेडी कंपनी (इंडिया) ही संस्था १९३४ मध्ये स्थापन झाली व १९३९ मध्ये तिचा कारखाना कलकत्त्यास सुरू झाला. हीच संस्था पुढे युनियन कार्बाइड इंडिया या नावाने वावरली. मुंबईत धारावी येथे एस्ट्रेला बॅटरीजचा कारखाना होता. आज कारखान्यापेक्षा त्या परिसराचे नावच अधिक परिचित आहे. ट्रान्झिस्टर रेडिओचा प्रसार झाल्यावर या सेलला दुसरे मोठे गिऱ्हाईक मिळाले. आकाशवाणीवरील शेतीविषयक कार्यक्रम, बाजारभाव व बातम्या ज्या खेड्यांत वीज पोहोचली नव्हती तेथे पोहोचल्या, त्या बहुतांशी या सेलच्या बळावर. पुढे घरोघर वीज आली, रेडिओची जागा दूरदर्शनने व नंतर भ्रमणध्वनीने घेतली, आणि सेलचे हे गिऱ्हाईक गेले.

आकार मोठा का होता ?

‘डी’ सेलचा व्यास जास्तीत जास्त ३४.२ मिलिमीटर व उंची ६१.५ मिलिमीटर असते. भिंतीवरील घड्याळात बसणारा ‘एए’ सेल १४.५ मिलिमीटर व्यासाचा व ५०.५ मिलिमीटर उंचीचा असतो. दोघांचा दाब सारखाच, दीड व्होल्ट. मोठा सेल अधिक ‘जोराचा’ असतो ही समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. दाब रसायनावर ठरतो, आकारावर नव्हे. आकाराने ठरते ती साठवण व एका वेळी देता येणारा प्रवाह. टाकी रुंद केली म्हणून पाण्याचा दाब वाढत नाही, पण पाणी अधिक दिवस पुरते व मोठी तोटी बसविता येते, तसाच हा प्रकार. मोठ्या सेलचे आकारमान बारीक सेलच्या सहापटींहून अधिक आहे.

जुन्या विजेरीतील तारेचा दिवा अडीच व्होल्ट दाबावर सुमारे ०.३ अँपिअर प्रवाह घेत असे. तार तापवून पांढरी करण्यातच बहुतेक वीज खर्ची पडे, प्रकाश होई तो अल्पांश. एवढा प्रवाह जस्त-कार्बनच्या बारीक सेलकडून घेतला तर तो तास-दीड तासात थकतो. मोठा सेल मात्र थांबून-थांबून वापरल्यास दहा-पंधरा तास साथ देई. थोडक्यात, सेल मोठा होता याचे कारण दिवा उधळा होता.

हा उधळेपणा प्रकाश-उत्सर्जक डायोडने, म्हणजे रूढ भाषेत ‘एलईडी’ने, संपविला. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम डायोड जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या प्रारंभी साध्य झाला आणि त्यातून पांढरा प्रकाश मिळविणे शक्य झाले. या कार्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तारेच्या लहान दिव्याइतकाच प्रकाश हा डायोड सुमारे एक-दशांश विजेत देतो. मग सहापट मोठ्या सेलचे प्रयोजनच उरले नाही. जोडीला लिथियम-आयन घट आले, जे १९९१ मध्ये प्रथम बाजारात विक्रीस निघाले होते आणि आज भ्रमणध्वनीपासून विजेरीपर्यंत सर्वत्र आहेत. ते पुन्हापुन्हा भारित करता येतात. मोठ्या सेलला शासनाने नव्हे, तर दिव्याने बाजूस सारले आहे.

खर्चाचा हिशेबही त्याच दिशेने जातो. जस्त-कार्बनच्या एका मोठ्या सेलमधून साधारण सात-आठ वॅट-तास ऊर्जा मिळते. विजेच्या मीटरवरील एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. अर्थात एका युनिटसाठी सुमारे १३० सेल लागतील. सेलची किंमत २० रुपये धरली, तर सेलमधील वीज युनिटला २,६०० रुपये पडते. घरात येणाऱ्या विजेचा दर याच्या आसपासही नाही. सेलसाठी आपण पैसे मोजतो ते विजेचे नव्हेत. हवी तेव्हा, हवी तेथे वीज मिळण्याच्या सोयीचे ते मोल असते.

आकार वेगळा, रसायन वेगळे

‘बंद होणार’ या शब्दाखाली दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. ‘डी’ हे मापाचे नाव आहे, पदार्थाचे नाही. त्याच मापात जस्त-कार्बनचा स्वस्त सेल येतो, अधिक काळ टिकणारा अल्कलाइन सेल येतो, आणि भारित करता येणारा निकेल-मेटल हायड्राइडचाही सेल येतो. होंडा कंपनीच्या १९९९ मधील ‘इनसाइट’ या संकरित मोटारीत विजेरीच्या सेलच्याच मापाचे १२० घट ओळीने जोडून १४४ व्होल्ट दाब मिळविला होता, हे सांगितल्यास पुष्कळांस आश्चर्य वाटेल. उद्योगांतील मीटरांसाठी याच मापाचा लिथियम-थायोनिल क्लोराइड सेलही मिळतो. त्याचा दाब मात्र ३.६ व्होल्ट असतो. तो चुकून विजेरीत किंवा रेडिओत बसविल्यास उपकरण जळून जाईल. माप जुळले म्हणून सेल जुळला असे समजणे धोक्याचे आहे.

जगात आजवर बंदी आली ती रसायनांवर, मापांवर नव्हे. सेलमधील जस्त झिजू नये म्हणून पूर्वी त्यात पारा मिसळीत. अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा करून साध्या सेलमधील पाऱ्याचा असा वापर थांबविला. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारान्वये बटणाच्या आकाराचे काही घट वगळता पारायुक्त सेल २०२० नंतर बनविण्यास मनाई झाली. भारताने या करारास २०१८ मध्ये मान्यता दिली. याउलट ‘ए’ व ‘बी’ नावाचे सेलचे आकार विसाव्या शतकात बाजारातून नाहीसे झाले, ते कोणीही बंदी न घालता. ते वापरणारी साधने बनेनाशी झाली, साधनांमागून सेल गेले. सामान्य ग्राहकाला त्यांची नावेही आज आठवत नाहीत आणि ‘एए’, ‘एएए’ ही दुहेरी-तिहेरी अक्षरे कोठून आली असा प्रश्न पडतो, त्याचे कारण हेच.

मोठ्या सेलविषयी मात्र एक नवी गोष्ट घडली आहे आणि तिची नोंद घेणे जरूर आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटरीविषयक नवा नियम संमत केला. त्यात ‘सर्वसाधारण वापराचे’ सेल म्हणून जे प्रकार नमूद आहेत, त्यांत डी, सी, एए, एएए हे आकार येतात. अशा सेलपैकी जे एकदाच वापरून फेकावे लागतात, त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करणे कितपत व्यवहार्य आहे, याची पाहणी युरोपीय आयोगाने ३१ डिसेंबर २०३० पर्यंत करावयाची आहे. या तरतुदीचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. तो बंदीचा आदेश नसून विचार करण्याचा आदेश आहे. विचाराचा विषयही आकार हा नसून ‘एकदाच वापर’ हा आहे. उद्या युरोपात असा निर्णय झालाच, तरी त्याच मापाचे भारित करता येणारे सेल राहतील.

भारतातील स्थिती अशी की, केंद्रीय पर्यावरण, वन व वातावरणीय बदल मंत्रालयाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम जारी केले. त्यापूर्वीचे २००१ चे नियम फक्त शिसे-आम्लाच्या, म्हणजे मोटारीच्या व इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांपुरते होते. नव्या नियमांच्या कक्षेत सर्व रसायनांचे व सर्व आकारांचे घट आले, विजेरीचा सेलही आला. वापरलेले सेल परत गोळा होऊन त्यांतील धातू पुन्हा उपयोगात यावेत, ही जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह सेलवर दिसते, ते याच हेतूने. ग्राहकानेही असे सेल घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळे ठेवून संकलन करणाऱ्याकडे द्यावेत, असे नियमांत म्हटले आहे. या साऱ्यात कोणताही आकार बंद करण्याची तरतूद नाही.

जेथे मोठा सेल अद्याप हवा आहे

शहरात बसून या सेलला निरोप देणे सोपे आहे. परंतु शेतीपंपांना वीज पाळीपाळीने, अनेक ठिकाणी रात्री मिळते, आणि उसाला किंवा गव्हाला पाणी देण्यासाठी शेतकरी मध्यरात्री ‘दारे धरावयास’ जातो. पायाखाली चिखल, बांधावर गवत, आणि मण्यारीसारखा साप रात्रीच हिंडणारा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज या विषयावरील एका विस्तृत अभ्यासात काढण्यात आला आहे. यांतील निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतील आहेत. जुन्नर तालुक्यासारख्या भागात उसातील बिबट्याचे भय आणखी वेगळे. अशा माणसाच्या हातातील उजेड ही चैन नव्हे. दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हाती घेण्यात आली आहे. ती प्रत्येक शिवारात पोहोचेपर्यंत रात्रीची पाळी व विजेरी यांची सोबत सुटणार नाही.

शेतकऱ्याने भारित होणारी विजेरी घ्यावी, असा सल्ला सहज दिला जातो. तो रोजच्या वापरासाठी योग्यच आहे. पण जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा रायगड व उत्तर रत्नागिरीतील अनेक गावे दिवसेंदिवस विजेवाचून होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडील पूरग्रस्त गावांचा अनुभव असाच होता. भारित होणारी विजेरी व भ्रमणध्वनी अशा वेळी एक-दोन रात्रींत मुकी होतात. कपाटातील कोरा सेल मात्र तयार असतो. जस्त-कार्बनचा सेल न वापरता दोन-तीन वर्षे, तर अल्कलाइन सेल सात ते दहा वर्षे टिकतो. आपत्ती व्यवस्थापनाच्या सूचनांत विजेरीबरोबर ‘जादा सेल’ हे शब्द असतात, ते विचारपूर्वक घातलेले आहेत.

याखेरीज काही साधनांनी मोठ्या सेलला अनपेक्षित आश्रय दिला आहे. स्नानाचे पाणी तापविणारे गॅस गिझर ठिणगी पाडण्यासाठी बहुधा दोन मोठे सेल वापरतात. यात्रा, ग्रामसभा, पूरसूचना यांसाठी पंचायतीने घेतलेल्या हातातील भोंग्यांपैकी अनेकांत सहा किंवा आठ मोठे सेल लागतात. बारीक सेल मोठ्या मापात बसविणारी प्लॅस्टिकची टोपणे मिळतात आणि ठिणगीसारख्या क्षणिक कामास ती चालतात. भोंग्यास मात्र त्यांचा उपयोग करू नये. प्रवाह अधिक लागत असल्याने ऐन सूचनेच्या वेळी आवाज बसतो. भारित करता येणारे मोठे सेल घेतानाही सावध राहणे बरे. काही स्वस्त सेलांच्या मोठ्या कवचात आत बारीक घटच दडविलेला असतो. वेष्टनावरील आकडा पाहिला की हे उघड होते : खऱ्या मोठ्या सेलवर ८,००० ते १०,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते, तर या नकली भावावर अडीच हजाराच्या आसपास. वजनानेही फरक कळतो.

नवी खरेदी करताना पंचायतींनी व शाळांनी मोठ्या सेलच्या विजेऱ्या मागविण्याचे आता कारण नाही. डायोडची, ‘एए’ सेलवर किंवा भारित घटावर चालणारी विजेरी त्याच कामास पुरते व खिशातही मावते. चालू स्थितीतील भोंगा मात्र सेलच्या भीतीने मोडीत काढणे हा अपव्यय ठरेल. त्याच्यासाठी सेल दीर्घकाळ मिळत राहतील, मात्र प्रत्येक गावच्या दुकानात नव्हे, तर तालुक्याच्या ठिकाणी, आणि कदाचित थोड्या अधिक किंमतीस. साध्या सेलवर भारतीय मानक ८१४४ चा उल्लेख व आय. एस. आय. चिन्ह आहे की नाही, तसेच उत्पादनाचा महिना कोणता, हे पाहून घ्यावे. खप कमी झालेल्या वस्तूचा जुना माल फळीवर पडून राहतो, हा सेलच्या बाबतीतला खरा धोका आहे.

वापरलेला सेल

संपलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरण्याची रीत घरोघर आहे. त्यात तथ्य आहे, पण थोडेच. उष्णतेने आतील रासायनिक क्रियेचा वेग वाढतो व विश्रांतीमुळे कर्बकांडीभोवती साचलेला अडथळा काहीसा दूर होतो, म्हणून दिवा थोडा वेळ उजळतो. मात्र जस्ताचा डबा तोवर झिजून पातळ झालेला असतो. असा सेल लवकर पाझरतो आणि विजेरीची स्प्रिंग खाऊन टाकतो. साधे सेल भारित करण्याचा प्रयत्न करणे किंवा ते चुलीत टाकणे हे तर सर्वथा टाळले पाहिजे, ते फुटतात.

शाळांतून विज्ञानाचे शिक्षक जुन्या सेलमधील कर्बकांडी काढून पाण्याच्या विद्युतविघटनाचा प्रयोग करतात. प्रयोग उत्तम आहे, परंतु सेल शिक्षकाने स्वतः, हातमोजे घालून फोडावा. फोडावयाचा तो फक्त जस्त-कार्बनचा. अल्कलाइन सेलमधील दाहक द्रव डोळ्यास व त्वचेस अपायकारक असतो, आणि लिथियमचा कोणताही सेल फोडल्यास आग लागू शकते. वेष्टनावर नाव वाचता येत नसेल, तर तो सेल प्रयोगासाठी घेऊच नये.

गावातील वापरलेल्या सेलांचे काय होते, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनीच वापरलेल्या सेलांना ‘घरगुती घातक कचरा’ या वर्गात घातले होते. तरीही ते उकिरड्यावर जातात व तेथून शेणखताबरोबर शेतात पोहोचतात. एका सेलातील जस्त व मँगनीज यांनी मोठी हानी होणार नाही हे खरे. पण जुन्या सेलांत पारा व कॅडमियमही असू शकतात, आणि लिथियमचे घट कचऱ्याच्या गाडीत चेपले गेल्यास पेट घेतात. शाळेच्या किंवा पंचायत कार्यालयाच्या दारात झाकणाची एक प्लॅस्टिकची बरणी ठेवली, तिच्यात फक्त सेल टाकण्याची सवय लावली, आणि लिथियमच्या घटांच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते निराळे ठेवले, तर संकलनाचे निम्मे काम होते. बरणी भरल्यावर ती कोणाकडे द्यावयाची, हे तालुका पातळीवर अगोदर ठरलेले असावे लागते. ते ठरलेले नसेल तर बरण्या कोपऱ्यात पडून राहतात व अखेर उकिरड्यावरच रित्या होतात. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांच्या नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असतात आणि गटविकास अधिकाऱ्यांमार्फत त्या मिळविता येतात.

भोंग्यात किंवा राखीव विजेरीत घातलेले सेल पावसाळा संपल्यावर काढून, कोरड्या डब्यात, टोके एकमेकांस न लागतील असे ठेवावेत व डब्यावर खरेदीचा महिना लिहावा. पुढील मे महिन्यात साधने तपासताना त्याच डब्यापासून सुरुवात करता येते.